पगार अण्णांचा प्रलंबित जोडा

आमच्या शेजारच्या पगार अण्णांकडे जायची तुमच्यावर कधी वेळ आली, तर एक आत्ताच सांगून ठेवतो. दारात बूट काढलेत की मागे वळून बघू नका. तुम्ही खुर्चीवर टेकेपर्यंत अण्णांनी तुमचा एक बूट उचललेला असतो आणि त्यात नाक घातलेलं असतं. नुसतं टोक नाही; अख्खं नाक, चष्म्यासकट. मग विहिरीतून यावा तसा आवाज येतो, "चार वर्षांपूर्वीचा. दिवाळीच्या सेलमधला. डाव्या टाचेवर भार टाकता तुम्ही. गुडघा दाखवा कुणाला तरी."

माणूस घाबरतोच. आमच्या कॉलनीचे चेअरमन देवरे साहेब मोठ्या हौसेने व्याह्यांना घेऊन अण्णांकडे गेले होते. अण्णांनी साहेबांचा इटालियन म्हणून मिरवलेला बूट हुंगला आणि व्याह्यांच्या देखत जाहीर केलं, "रेक्झिन." तेव्हापासून देवरे साहेब अण्णांकडे जाताना घरूनच अनवाणी निघतात. मे महिन्यात ते आमच्या गल्लीतून ज्या उड्या मारत जातात, त्या बघायला मखमलाबादच्या पुढून माणसं येतात.

मी स्वतः भित्रा नाही. पाल, वीज, इंजेक्शन, लिफ्ट, शिंगवाली गाय आणि बायकोचा थोरला भाऊ एवढे सोडले तर मी जगात कुणालाच भीत नाही. उलट लोकांना घाबरवणं हा माझा व्यवसाय आहे. मी विमा विकतो. सत्तावीस वर्षं मी नाशिककरांना ते कशाकशाने मरू शकतात हे रंगवून सांगत आलो आहे, आणि ऐकता ऐकता दोन जणांनी तर माझ्यासमोरच डोळे फिरवले. पण पगार अण्णांच्या त्या मागच्या खोलीत मी एकटा पाय ठेवत नाही.

त्या खोलीत लोफर आहेत. छप्पन जोड्या.

लोफर म्हणजे बिनलेसचा, पाय नुसता सरकवून घालायचा चामड्याचा जोडा. वरच्या पट्टीला मधोमध खाच असते. अमेरिकेतली कॉलेजची पोरं म्हणे त्या खाचेत एक सेंटचं नाणं खोचून हिंडायची. अण्णांना लोफर लागतो तो जुनाच, तोही अमेरिकेतच शिवलेला, आणि तोही कुणीतरी घालून सोडलेला. परदेशातले उतरलेले कपडे आणि बूट गाठोड्यांनी येतात, ती गाठोडी द्वारका चौकाजवळच्या जुन्या बाजारात रफिकभाईंच्या दुकानात फुटतात, आणि गाठोडं फुटायच्या आधी अण्णा तिथे उकिडवे बसलेले असतात. स्वतःच्या पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर. इतक्या जोड्यांतली एकही त्यांनी कधी घातलेली मी पाहिली नाही.

आता हा माणूस कोण? अमेरिकेला जाऊन आलेला? छे. अण्णा मूळचे सटाण्याकडचे (पगार हे तिकडचं आडनाव), आणि नोकरी तहसील कचेरीत, जमिनीच्या जुन्या कागदांची. कधी पेठ, कधी सुरगाणा, कधी निवडणुकीची ड्यूटी. कागद जुना की जुना करून आणलेला, हे ते शाईच्या वासावरून सांगत. एका बहाद्दराने नवा कागद चहात बुडवून पन्नास वर्षांपूर्वीचा म्हणून आणला, तर अण्णांनी जिभेचं टोक लावून सांगितलं, "साखर जास्त झाली." असा माणूस निवृत्त झाला. फडताळं गेली, दप्तरं गेली, आणि हातात आले अमेरिकेचे जोडे.

पण कचेरी काही अंगातून गेली नाही. प्रत्येक जोड्याचं एक कार्ड आहे. अण्णा त्याला सातबारा म्हणतात. नमुन्यादाखल एक सांगतो. "जोडा क्रमांक ३१. मूळ मालक: अज्ञात, बहुधा उंच, उजवीकडे झुकून चालणारा. इतर हक्क: टाचेजवळ कुत्र्याने चावल्याची खूण. पीकपाहणी: पावसाळ्यात बुरशी." आणि खाली लाल शाईत, "हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे."

वय ठरवायची त्यांची पद्धत तर पोस्टमॉर्टेमला लाजवेल. टाच उलटी करून खिळे मोजायचे. तळव्याची शिलाई भिंगाखाली धरायची. आतले पुसट आकडे बॅटरीच्या उजेडात वाचायचे. अस्तर कापडी की चामडी, टाचेचं रबर मूळचं की मागाहून ठोकलेलं, खोकं मिळालंच तर त्यावरच्या पत्त्यात तिकडचा पिनकोड छापलाय की नाही. एकदा एका खाचेत खरोखरच नाणं निघालं, वर साल स्पष्ट. मी ओरडलो, "घ्या अण्णा, पुरावा!"

"हा पुरावा?" अण्णा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले. "नाणं मागाहून कुणीही खोचेल. उद्या तुमच्या खिशात मी शिवकालीन होन टाकला, तर तुम्ही काय मावळे झालात?"

'पुरावा?' हा त्यांचा शब्द. 'राम राम'च्या जागी ते हाच वापरतात. आणि ज्याचा त्यांना मनापासून तिटकारा, तो तोंडी जबाब. "कागद खोटं बोलला तर पकडता येतो, सोनवणे. माणूस बोलला की वाऱ्यावर गेलं. मी आख्ख्या नोकरीत तोंडी जबाबावर एक नोंद घातली नाही." हे बोलताना ते नेमके माझ्याकडेच का बघत, मला कळत नसे. मी थोडं वाढवून सांगतो हे खरं, पण फक्त ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी.

तर ती खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर जोडे, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. एकशे बारा काळी तोंडं, 'आ' वासून. ज्यांचे पाय त्यात होते ती माणसं आता कुठे असतील, हा विचार विमावाल्याच्या मनात पहिला येतो, आणि त्याचं उत्तर विमावाल्याला माहीत असतं. एकदा मी आत असताना लाइट गेली. पुढचं मला आठवत नाही. मीना, म्हणजे माझी बायको, सांगते की मी बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडून 'हॅलो, हाऊ आर यू' असे शब्द येत होते.

सगळ्यात वरच्या फळीवर एक जोडा वेगळा ठेवलेला. होडीएवढा. तेरा नंबरचा. माझा आख्खा हात कोपरापर्यंत आत गेला तरी बोटं पुढे टेकली नसती. छप्पन जोड्यांत या एकालाच कार्ड नाही. मी विचारलं होतं, "अण्णा, हा राक्षस केव्हाचा?"

"प्रलंबित," अण्णा म्हणाले, आणि दिवा बंद करून बाहेर गेले. मला आत ठेवून.

हे सगळं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी, अण्णांच्या निवृत्तीच्या तोंडावर कमलवहिनी गेल्यावर. वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. पाच फुटाला दोन बोटं कमी आणि आवाज मात्र लाऊडस्पीकरचा. मी काही मागायला गेलो आणि बेल वाजवली, की जाळीच्या दारामागून आधी घरात हाक जायची, "अहो, बघा हो कोण आलंय!" मग मला बघून त्या म्हणायच्या, "आंघोळीला गेलेत." सकाळी गेलो, आंघोळ. दुपारी गेलो, आंघोळ. एकदा मी चार वेळा गेलो तर चारही वेळा आंघोळ. अण्णा पगार हा नाशिक जिल्ह्यातला सर्वात स्वच्छ माणूस आहे, असं मी निदान दोनशे ठिकाणी सांगितलं असेल.

आता मुख्य भानगड. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडे बिबट्या आला.

आमची कॉलनी अशा जागी आहे की शहर कुठे संपतं आणि द्राक्षबागा कुठे सुरू होतात हे पोस्टमनलाही सांगता येत नाही. मागे बाग, बागेच्या कडेला नाला, नाल्यात माणूसभर उंच गवत. तिथे कुणीतरी ठसे पाहिले. लगेच देवरे साहेबांचा ग्रुपवर मेसेज: "कॉलनीत बिबट्या फिरत आहे. कुणीही घराबाहेर पडू नये. गरबा नेहमीप्रमाणे आठला." त्या आठवड्यात मी कचरा टाकायला हेल्मेट घालून जात होतो. अंगणातल्या तुळशीला पाणी खिडकीतून पाइपने. रात्री मांजर ओरडलं तर पांघरुणात मी आधी आणि मीना नंतर.

आणि नेमक्या त्याच रविवारी अण्णांनी जोडे उन्हात काढले. पावसाळ्यात धरलेली बुरशी घालवायला छप्पनच्या छप्पन जोड्या, दारापासून फाटकापर्यंत, रांगेत. काढून झाल्यावर ते मागच्या खोलीत फळ्या पुसायला गेले.

गच्चीवरून मीनाने पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला. "अहो, अण्णांच्या दारात शंभर तरी बूट आहेत. आणि आतून काही आवाज नाही."

आपल्याकडे दारात एवढी पायताणं आणि आत हसण्याबोलण्याचा आवाज असेल तर पूजा. आवाज नसेल तर याला दुसरा अर्थच नसतो. मी पांढरा सदरा शोधायला घेतला. शेजारी असून आपल्यालाच शेवटी कळलं, याची लाजही वाटली. पाचव्या मिनिटाला आख्खी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत. ग्रुपवर अण्णांचा झेंडावंदनाचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लोक येत होते, अण्णांच्या लोफरांशेजारी आपापल्या चपला काढून मान खाली घालून हॉलमध्ये बसत होते. देवरे साहेबांनी बहुधा प्रसंग मोठा म्हणून त्या दिवशी बूट घातले होते. आत मृतदेह कुठे आहे हे विचारायचं धाडस कुणाला होईना. शांतता फार झाली, तेव्हा कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, आणि साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "काय सांगू अण्णांबद्दल! गोदेला महापूर आला होता. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलेलं. मी वाहून चाललो होतो. अशा वेळी अण्णांनी उडी घेतली, आणि मला खांद्यावर घालून..."

"कोणत्या साली?" मागून आवाज आला.

दारात अण्णा. एका हातात तेलाचं फडकं, एका हातात मोबाइल. त्याच क्षणी बसलेल्या सगळ्यांचे मोबाइल वाजले. श्रद्धांजलीच्या मेसेजखाली खुद्द अण्णांनी लिहिलं होतं, "पुरावा?"

बायका किंचाळल्या. देवरे साहेबांनी भिंत धरली. आणि माणसं अजून भुताला घाबरायचं की रागवायचं हे ठरवत होती, तेवढ्यात मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "बिबट्या! बागेत बिबट्या!"

मी तो पाहिला. नऊ फूट लांब, डोळे जीपच्या दिव्यांएवढे, आणि त्याने सरळ माझ्याकडे बघून जीभ फिरवली. मीना म्हणते की मी दिवाणाखाली होतो आणि तिथून अण्णांचा झाडू तेवढा दिसतो. असेल. पण त्या हॉलमध्ये पन्नास माणसं होती आणि दार एक. दारात शंभरावर जोड्यांचा ढीग. ज्याच्या पायात जे आलं ते घालून जो तो पळाला. एका पायात कोल्हापुरी, एका पायात अमेरिका.

बिबट्या बागेतून नाल्याकडे उतरला आणि दिसेनासा झाला. तासाभराने लोक जिन्यांवरून, गच्च्यांवरून खाली आले आणि एकेक जोडा परत करू लागले. अण्णा कार्डं घेऊन पायरीवर बसले होते, नंबर वाचत होते, खूण करत होते. पंचावन्न जोड्या जमल्या. छप्पनाव्या जोडीचा एकच बूट होता. तो होडीएवढा. उजवा.

मी म्हणालो, "जाऊ द्या अण्णा. एकच तर गेला."

अण्णांनी वर पाहिलं, आणि खरं सांगतो, दिवाणाखाली मी घाबरलो नव्हतो एवढा त्या वेळी घाबरलो. त्यांच्या हातातली कार्डं खाली पडली, ती त्यांनी उचलली नाहीत. हा माणूस कमलवहिनींच्या तेराव्याला कुणाच्या नावात काना राहिला म्हणून पत्रिका तपासत बसला होता. तो म्हणाला, "सोनवणे, तो मिळायला पाहिजे. दुसरे सगळे न्या. तो मिळायला पाहिजे."

चौकशी केली. देवरे साहेबांनी कबूल केलं. "मी काय घातलं ते कुठे बघितलं हो? मी मागे बघत होतो! पायात काहीतरी होतं आणि ते पायाआधी पळत होतं. बागेकडेच पळालो बहुतेक; पलीकडच्या गवतात निघालं."

म्हणजे नाला.

आता मला सांगा, माझ्यासारख्या घरंदाज माणसाने काय करावं? मी अण्णांना सगळं समजावलं. बिबट्याच्या हल्ल्यात काय काय होतं हे मला धंद्यामुळे तपशीलवार माहीत आहे, तेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. पायात स्लीपर सरकवून ते निघालेच. तेव्हा मी हेल्मेट घातलं, एका हातात परात, एका हातात पळी घेतली, आणि ती वाजवत त्यांच्या मागे निघालो. मागे, कारण दोघांपैकी कुणाला तरी परत येऊन हकीकत सांगायला हवी.

छाटणी झालेली बाग. पान नाही, नुसत्या काड्या आणि तारा. लपायला जागा नाही, हे आपल्यालाही लागू होतं हे मधोमध आल्यावर लक्षात आलं. पलीकडे नाला, आणि नाल्यातलं गवत हलत होतं. वारा नव्हता. माझी पळी परातीवर आपटेना, कारण हात वर जाईना. घामाने हेल्मेटची काच धुरकट झाली होती. कुठेतरी टिटवी ओरडली आणि मी मीनाला मनातल्या मनात सगळ्या पॉलिसींचे नंबर सांगितले.

अण्णा सरळ गवतात शिरले.

"अण्णा!" मी ओरडलो. माझ्या मते ओरडलो. बाहेर बहुधा नुसती हवा आली.

खूप वेळ नुसता गवताचा आवाज. मग ते बाहेर आले, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले, आणि छातीशी धरलेला तो बूट. नालाकाठच्या दगडावर बसले. मी म्हणालो, चला, चला, ते ऐकेनात. शर्टाच्या टोकाने बूट पुसत होते. मनातून हलले की अण्णा सटाण्याच्या अहिराणीवर जातात, एरवी कचेरीतलं मराठी. तेव्हा ते म्हणाले, "आठेच शे. आठेच शे." इथेच आहे, इथेच आहे. बुटाला सांगत होते.

मग मला म्हणाले, "तळ बघा."

मी बघितला. चिखलाखाली तळ कोरा. एक पाऊलही न चाललेला.

"आता वर बघा."

वरून चामडं भाजलेलं, भेगाळलेलं. एक बाजू काळसर, एक बाजू उडून पिवळट झालेली.

"कुणी घातला नाही," अण्णा म्हणाले. "पण उन्हात उभा होता. खूप दिवस. एका जागी, एका दिशेला तोंड करून. पश्चिमेचं ऊन डावीकडून खाल्लंय. माझ्या दाराच्या पायरीवर ऊन तसंच येतं." त्यांनी टाचेतला चिखल बोटाने काढला. "ती गेल्यावर माळ्यावर पोत्यात सापडला. मी नोकरीच्या गावाहून शनिवारी यायचो तेव्हा ती उचलून ठेवत असणार. मी गेलो की परत दारात. बघणाऱ्याला वाटावं, घरात पुरुष आहे. तेरा नंबरचा."

परात माझ्या हातातून कधी खाली गेली कळलं नाही.

"मला एकदाही म्हणाली नाही, भीती वाटते म्हणून. मी विचारलं नाही. मी सुरगाण्यात लोकांच्या जमिनी शोधत होतो." बूट त्यांनी मांडीवर ठेवला. "जोडा कधी शिवला ते मी पहिल्या महिन्यात काढलं. मला ते नकोय. तो दारात कधी आला, ते पाहिजे. किती उन्हाळ्यांत चामडं एवढं उडतं, ते कळायला म्हणून बाकीचे आणले. हा दाखवल्यावर रफिकभाई म्हणतो, 'ये तो हमारे वालिद के टाइम का माल है.' तोंडी जबाब! दुकानदाराचा! माझा हिशोब दोन वर्षं आणि वीस वर्षं यांच्यात अडलाय, सोनवणे. दोन म्हणजे म्हातारपणी जरा घाबरायला लागली, असं म्हणता येतं. वीस म्हणजे..."

गवत पुन्हा हललं, आणि आम्ही दोघेही उठलो. येताना परात मी वाजवली नाही. माझ्या कानात दुसरंच वाजत होतं. अहो, बघा हो कोण आलंय. आंघोळीला गेलेत. नाशिक जिल्ह्यातला सर्वात स्वच्छ माणूस.

घरी आल्यावर मी कपाटातून जुना अल्बम काढला. मला काहीतरी आठवत होतं आणि ते खोटं निघावं असं वाटत होतं. सातव्या पानावर ते होतं. अण्णांची पायरी, आणि पायरीवर आमची लेक गौरी, फ्रॉकमध्ये, दोन होड्यांमध्ये पाय घालून उभी, पडू नये म्हणून हात पसरलेले. मागे जाळीच्या दारात कमलवहिनी हसतायत. फोटोमागे मीनाच्या अक्षरात: 'गौरी, तीन वर्षं पूर्ण.' गौरी आता सत्तावीस वर्षांची आहे आणि तिच्या मुलीला दात येतायत.

मीना खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "एवढी वर्षं? आपण भिंतीला भिंत लावून होतो हो."

बेल वाजली. अण्णा होते. आंघोळ करून, शर्ट बदलून, खिशाला पेन. मी फोटो अल्बमखाली सरकवला. ते बसले. माझ्या बुटात नाक घातलं नाही, तेव्हाच मला कळलं की हे कशासाठी आलेत.

"तुम्ही शेजारी," ते म्हणाले. "तो जोडा दारात कधी बघितल्याचं आठवतं का? केव्हापासून?"

सत्तावीस वर्षं मी लोकांना घाबरवून पोट भरलंय. हाताखाली पुरावा होता. तारखेचा, फोटोचा, त्यांना हवा तसा. आणि मी, महापुरातून खांद्यावर बसून आलेल्या माणसाने, घसा खाकरला.

"तो होय!" मी म्हणालो. "अहो, तो तर शेवटच्या वर्षातला. वर्षही नसेल, आठ-दहा महिने. मला चांगलं आठवतं, वहिनी रिक्षातून उतरल्या, रिक्षावाला म्हणाला, मावशी, नवऱ्याचे का? तर म्हणाल्या, नाही रे बाबा, कुत्री हाकलायला. भीती? वहिनींना? त्यांच्या आवाजाला गल्लीतली कुत्री बारा बंगल्यांपलीकडे जाऊन बसायची! आमच्या वरच्या गच्चीत ऊन असं भाजतं अण्णा, आठ महिन्यांत लोखंड पिवळं पडतं. हो की नाही गं?"

मीना म्हणाली, "हो ना." तिने आयुष्यात माझ्या एका गोष्टीला दुजोरा दिला असेल तर हाच.

मी थांबलो. 'पुरावा?' येईल म्हणून थांबलो. बिबट्या परवडला. अण्णा माझ्याकडे बघत होते. मग अल्बमकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. उठले, दारात स्लीपर घातली, आणि म्हणाले, "बरं." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीचा फोन आला, नातीला ताप. मीना पुण्याला गेली. वनखात्याने बागेत पिंजरा लावला होता, त्यात आतापर्यंत फक्त देवरे साहेबांचा कुत्रा सापडला होता. मी दिवसभर घरात एकटा, सगळ्या खिडक्यांना कड्या. पाल दिसली तरी तिला 'बैस बैस' म्हणालो, तेवढीच सोबत. दुपारी दूध आत घ्यायला दार चार बोटं उघडलं, तर पायरीवर ते दोन्ही.

धुतलेले, तेल लावलेले, तोंडं रस्त्याकडे. उजव्यात कार्ड खोचलेलं.

"जोडा क्रमांक १. मूळ मालक: कमल. दारात आल्याचा काळ: शेवटचं वर्ष. पुरावा: शेजाऱ्याचा तोंडी जबाब. सध्याची वहिवाट: सोनवणे, बिबट्या पकडेपर्यंत."

मी ते दोनदा वाचलं. खाली लाल शाईतली ती नेहमीची ओळ शोधली. ती नव्हती.

दिवेलागणीला फाटकाची कडी वाजली. कोण होतं बघायला खिडकीपर्यंत जायचं म्हटलं तर पाय जागचे हलेनात. घर रिकामं, बाहेर अंधारून आलेलं, आणि कडी पुन्हा वाजली. तेव्हा माझ्याही नकळत, घसा फुटेस्तोवर, मी त्या रिकाम्या घरात ओरडलो,

"अहो, बघा हो कोण आलंय!"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली, स्लीपर फटफटल्या, आणि श्वास घ्यायलाही न थांबता आवाज आला,

"आलो, आलो! मी शे ना आठे!"